एअर रायफलची गळती आणि नागदेवीतली ओ-रिंग

मुलीच्या 10 मीटर एअर रायफलमधून हवा गळायला लागली, तीही ऐन स्पर्धेच्या तोंडावर. 200 बार दाबाला भरलेला हवेचा सिलिंडर रात्रभरात निम्म्यावर येई. रायफल जर्मन बनावटीची, त्यामुळे सुट्या भागासाठी काही महिने थांबा, असं उत्तर मिळालं. एका रबरी कड्यापायी पोरीचा सराव बंद पडावा, याचा फार त्रास झाला.

आधी गळती नेमकी कुठे ते शोधलं. सिलिंडर काढून वेगळा ठेवला तर गेजचा काटा हलेना. म्हणजे दोष जोडणीत किंवा त्यापुढे. जोडणीच्या खाचेतली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं ते रबरी कडं, चिरली होती. व्हर्नियरने खाचेची रुंदी, खोली आणि रिंगची जाडी मोजली आणि मुंबईतली मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट गाठली. हायड्रॉलिक सील विकणाऱ्या काकांनी माप बघून लगेच डबा काढला. मी 90 शोर कडकपणाची नायट्राइल रबराची रिंग मागितली. 70ची मऊ रिंग एवढ्या दाबाखाली फटीत घुसून फाटू शकते. बसवताना बोटभर नाही, अगदी किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं. गळती थांबली!

हे फक्त बाहेरच्या सीलपुरतं. रेग्युलेटर (हवेचा दाब नियंत्रित करणारा भाग), ट्रिगर जाणकाराकडेच द्या, सिलिंडर तर उघडूच नका. त्याची मुदत साधारण 10 वर्षांची असते आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार ती पाळणं नेमबाजाचीच जबाबदारी. आमचा नवा सिलिंडर क्लबमधल्या इतर पालकांसोबत एकत्र मागवला, मॅन्युअलमधल्या आकृतीतला भाग क्रमांक लिहून. वाहतुकीचा खर्चही वाटला गेला.