एक्सबॉक्सवर गेम आणायचाय? आधी कंट्रोलरची बॅटरी काढा

पीसीवर गेम टाकणं त्या मानाने सोपं; कन्सोलवाल्यांचं दार आधी ठोठावावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं ते दार म्हणजे २०१३ साली सुरू झालेला आयडी ॲट एक्सबॉक्स, म्हणजे स्वतंत्र गेम डेव्हलपरांसाठीचा कार्यक्रम. अर्जाला खेळता येईल असा डेमो जोडा, नुसत्या कल्पनेला कोण विचारतो? होकार आला की गोपनीयतेचा करार, मग डेव्हकिट, म्हणजे गेम बनवून तपासण्यासाठीचा खास कन्सोल. गोडो या गेम इंजिनवाल्यांनो, असल्या करारांपायीच तुमच्या मुक्त इंजिनात कन्सोलचा कोड नसतो. पोर्ट, म्हणजे गेम कन्सोलवर चालवणारा कोड, स्वतः लिहा नाहीतर दुसऱ्या कंपनीकडून घ्या.

खरी कसोटी सर्टिफिकेशनची, म्हणजे रिलीजआधी मायक्रोसॉफ्ट करते त्या तपासणीची. ऐन लढाईत कंट्रोलरची बॅटरी काढा: गेम थांबून तसा संदेश दिसलाच पाहिजे. मध्येच साइन-आउट करा, कन्सोल झोपवा, सेव्ह चालू असताना गेम बंद करा. हे मी टेस्टरवर सोडत नाही, स्वतः करतो. मजाही येते.

वयाच्या रेटिंगसाठी आयएआरसी या आंतरराष्ट्रीय रेटिंग संस्थेची प्रश्नावली फुकट आहे. रक्तपाताबद्दल खरं लिहा. अमेरिकी कराचा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरताना पॅन टाकून भारतासोबतच्या कर-करारातली सवलत मागा. नाहीतर तिथल्या रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात.