आयफ्रेमला निरोप पाठवताना पत्ता पुरा लिहावा

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे आलेले काम दिसायला किरकोळ होते: ग्राहकाच्या संकेतस्थळावर पेमेंटचा फॉर्म आयफ्रेममध्ये, म्हणजे पानाच्या आत दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीत, बसवायचा आणि बाहेरच्या पानाकडून ऑर्डरचे टोकन (तिची ओळख पटवणारी गुप्त खूण) त्या फॉर्मपर्यंत पोहोचवायचे. दोन्ही पानांचे ओरिजिन, म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट हे त्रिकूट, वेगळे असल्यामुळे एका पानाच्या जावास्क्रिप्टला ब्राउझर दुसऱ्याच्या डॉममध्ये, म्हणजे पानातल्या घटकांच्या रचनेत, हात घालू देत नाही. अशा वेळी पोस्टमेसेजचा, म्हणजे एका विंडोतून दुसरीला निरोप पाठवण्याच्या ब्राउझरमधल्या सोयीचा, मार्ग घ्यावा लागतो.

मी पान उघडताच टोकन पाठवले आणि कन्सोलवर लाल अक्षरांत तक्रार आली, की दिलेला टार्गेट ओरिजिन, म्हणजे निरोप ज्याच्यासाठी आहे तो पत्ता, समोरच्या विंडोच्या ओरिजिनशी जुळत नाही. घाईघाईत मी पत्त्याच्या जागी तारांकन लिहिले, ज्याचा अर्थ ‘समोर कोणीही असो’ असा होतो. तक्रार गेली, टोकन मात्र तरीही पोहोचले नाही. आयफ्रेममधले खरे पान येईपर्यंत तिथे अबाउट-ब्लँक हे कोरे पान असते, त्याचा ओरिजिन बाहेरच्या पानाचाच असतो, आणि मी त्या कोऱ्या पानालाच निरोप देत होतो. ब्राउझर खरे तेच सांगत होता आणि मी त्याचेच तोंड बंद केले होते. आतल्या पानाने आपला लिसनर, म्हणजे येणारे निरोप ऐकणारा कोड, बसवून झाल्यावर ‘तयार आहे’ असा निरोप स्वतःहून बाहेर पाठवावा आणि तो आल्यावरच टोकन पाठवावे, तेही पूर्ण पत्त्यावर, हा त्यावरचा खरा उपाय आहे. तारांकन तसेच राहिले आणि दरम्यान ती फ्रेम कोणी भलत्याच पानावर नेली, तर टोकन थेट त्या पानाच्या हाती पडते. हाच धोका अ‍ॅडम बार्थ, कॉलिन जॅक्सन आणि जॉन मिचेल यांनी 2008 मध्ये आपल्या शोधनिबंधात मांडला होता.

निरोप स्वीकारण्याच्या बाजूची माझी चूक कोड रिव्ह्यूमध्ये सापडली. येणारा ओरिजिन ‘एचटीटीपीएस पेमेंट.एक्झाम्पल.कॉम’ या अक्षरांनी सुरू होतो का, एवढेच मी स्टार्ट्सविथने पाहत होतो. माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी त्यापुढे ‘.भलतेच.नेट’ जोडून दाखवले आणि विचारले, “आता सांग, हा कोणाचा पत्ता?” तपासणी पार झाली होती, डोमेन मात्र परक्याचे होते. मी लगेच तंतोतंत तुलना लिहिली, तर सगळेच बंद पडले; सेटिंगमधल्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ होती आणि ब्राउझर देतो त्या ओरिजिनमध्ये ती कधीच नसते. तो अर्धा तास माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे.

ओरिजिन बरोबर असला तरी निरोपातला मजकूर इनरएचटीएमएलमध्ये टाकू नये, कारण तिथे तो एचटीएमएल म्हणून वाचला जातो आणि त्यात लपवलेला कोड चालू शकतो. मजकूर नुसती अक्षरे म्हणून दाखवणारे टेक्स्टकंटेंट वापरावे आणि अपेक्षित प्रकाराचा नसलेला निरोप सोडून द्यावा.

सँडबॉक्स लावलेल्या, म्हणजे मुद्दाम निर्बंध घातलेल्या, फ्रेमचे प्रकरण थोडे निराळे आहे. अलाउ-सेम-ओरिजिन ही स्वतःचा ओरिजिन राखू देणारी सूट दिली नसेल, तर तिच्याकडून येणाऱ्या निरोपावर ओरिजिन म्हणून ‘नल’ हा शब्द येतो, आणि तशा कोणत्याही फ्रेमचा ओरिजिन हाच असल्यामुळे त्याच्या तुलनेने ओळख पटत नाही. तिथे इव्हेंटचा सोर्स, म्हणजे निरोप पाठवणारी विंडो, ही आपल्याच आयफ्रेमची कंटेंटविंडो (तिच्या आतली विंडो) आहे का, हे पाहावे. अशा फ्रेमकडे निरोप पाठवताना तारांकनावाचून पर्याय नसतो, म्हणून त्या वाटेने टोकनासारखी गुप्त गोष्ट मी पाठवत नाही.