लॉग उशिरा दिसतोय? आधी बफर बघा

सर्व्हरवर पायथनची स्क्रिप्ट चालू आहे, काम होतंय, पण लॉग फाइल तासभर कोरीच! बहुतेक वेळा स्क्रिप्ट अडकलेली नसते. आउटपुट फाइलकडे वळवलं की पायथन ते बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठवतं आणि बफर भरल्यावरच एकदम लिहितं.

१. कमांडमध्ये 'पायथन'नंतर लगेच डॅश आणि छोटा यू टाका, म्हणजे आउटपुट बफरमध्ये साठून राहत नाही.
२. कोडमध्येच करायचं तर प्रिंटला 'फ्लश'ची किंमत ट्रू द्या, म्हणजे ओळ लगेच लिहिली जाते (पायथन ३.३ पासून चालतं).
३. तरीही नव्या ओळी नाहीत? फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या टेल कमांडला छोट्या एफऐवजी मोठा एफ द्या, म्हणजे ती त्याच नावाच्या नव्या फाइलकडे वळते. रात्री लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला काढून नवी फाइल सुरू करणारा प्रोग्रॅम) फाइल बदलतं आणि आपण जुन्याच फाइलकडे डोळे लावून बसतो. माझी अख्खी सकाळ यात गेलीय.

सेकंदाला हजारो ओळी लिहिणाऱ्या स्क्रिप्टला मात्र पहिले दोन उपाय कायमचे लावू नका, ती मंदावते.