लावलेलं क्रीम त्वचेत जिरवायचं कसं?

क्रीम जिरलं नाही, हे सगळ्यात आधी मानेवर कळतं. रात्री सीरम, म्हणजे क्रीमच्या आधी लावायचं पातळ द्रावण, लावलं, त्यावर क्रीम लावलं, हाताला उरलेलं मानेवर फिरवलं, की बोटांखाली बारीक पांढऱ्या वळ्या जमायला लागतात. खोडरबराने कागद घासल्यावर चुरा पडतो ना, अगदी तसा. मग वाटतं, पैसे घालून आणलेलं सगळं असं गळूनच चाललंय, आत काही गेलेलं नाही.

यावरचे उपाय बहुतेक फुकटचे आहेत: पाणी, लावण्याचा क्रम, प्रमाण आणि थोडं थांबणं. पण मुळात बाहेरचं बाहेर ठेवणं हेच त्वचेचं काम आहे, त्यामुळे ती सहजासहजी काही आत घेणार नाही. तिचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. शरीराच्या बऱ्याच भागांवर तो जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कितीतरी पातळ. रचना मात्र विटा-चुन्याच्या भिंतीसारखी. चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्या मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड यांचं स्निग्ध मिश्रण. आत जाणाऱ्या बहुतेक गोष्टी या चुन्यातूनच वाकडीतिकडी वाट काढत जातात.

पायरी १: जे जिरणारच नाही, त्याची वाट पाहू नका

२००० साली बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी एक साधा ठोकताळा मांडला. ज्या रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं एकक) वर आहे, तो धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाटलीवरचे निम्मे दावे आपोआप गळतात. नायसिनामाइड १२२, सॅलिसिलिक अ‍ॅसिड १३८, व्हिटॅमिन सी १७६, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार) २८६. ही मंडळी आत जाऊ शकतात. कोलेजनचा अख्खा रेणू भरतो सुमारे तीन लाख डाल्टन. तो क्रीममधून आत शिरून तुमच्या कोलेजनला जाऊन मिळेल, ही आशा सोडून द्या. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे मोठे रेणूही वरच बसतात. पण त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण वर बसून पाणी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

लहान असणं पुरेसं असतं असंही नाही. व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, पाण्यात विरघळतं आणि त्या स्निग्ध चुन्यातून त्याला वाट मिळत नाही. द्रावणाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आम्ल) ३.५ च्या खाली असेल तरच ते नीट आत जातं. टक्केवारीचंही तसंच. २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून जास्त काही जिरत नाही, चेहरा मात्र झोंबतो. तेव्हा ३० टक्क्यांची बाटली दिसली म्हणून हुरळून जाऊ नका.

पायरी २: चेहरा धुवा, पण खरवडून नको

घाम, मेकअप, सकाळचं सनस्क्रीन या सगळ्याचा पापुद्रा बसलेला असताना वरून सीरम लावणं म्हणजे न पुसलेल्या फळ्यावर लिहिणं. सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, अर्धा-एक मिनिट हलक्या हाताने चोळणं, बस. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. पारंपरिक साबणाचा पीएच ९ ते १० असतो. धुतल्यावर गाल ताणल्यासारखे वाटले, बोट फिरवताना चुरचुर आवाज आला, तर ती स्वच्छता नव्हे, चुना खरवडला गेला आहे.

वाफ घेतल्याने रोमछिद्रं उघडतात, असं सगळेच म्हणतात. छिद्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती दारासारखी उघडत-मिटत नाहीत. वाफेने त्वचा ओली आणि मऊ होते एवढंच, आणि ते काम ओल्या हातानेही होतं.

पायरी ३: मृत पेशी काढा, पण हात आखडता घेऊन

वर साचलेल्या कोरड्या पेशी कमी केल्या की पुढचं सगळं सारखं पसरतं आणि लवकर जिरतं. त्यासाठी खरखरीत स्क्रबपेक्षा ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण बरं. चेहरा तेलकट असेल, छिद्रं तुंबत असतील तर सॅलिसिलिक. आठवड्यातून एकदा पुरे, सोसलं तर दोनदा. या अ‍ॅसिडांनी, विशेषतः ग्लायकोलिकने, त्वचा उन्हाला हळवी होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सनस्क्रीनची सुट्टी नाही.

इथे मी स्वतः चांगलीच ठेच खाल्ली आहे. सीरम खोलवर जावं म्हणून मी एकेकाळी दिवसाआड स्क्रब करायचे आणि मधल्या दिवशी अ‍ॅसिड लावायचे. तीन आठवडे चेहरा काचेसारखा चकचकीत दिसला, मी खूश. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चेहऱ्यावर नुसतं साधं पाणी मारलं आणि ते नाकाच्या दोन्ही बाजूंना मिरचीसारखं झोंबलं. नेहमीचं मॉइश्चरायझरसुद्धा लावून घेईना. सगळं बंद करून फक्त सौम्य फेसवॉश आणि साधं क्रीम यावर महिनाभर राहिले, तेव्हा गाडी रुळावर आली. झोंबलं म्हणजे लागू पडलं, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. तो साफ चुकीचा आहे. झोंबणं म्हणजे भिंतीला भेगा पडल्या आहेत, आणि त्या भेगांतून सीरमच्या जोडीने नको तेही आत जातं.

पायरी ४: त्वचा ओलसर असतानाच लावा

सगळ्यांत जास्त फरक पडतो तो या पायरीने, आणि घाईत नेमकी हीच सुटते. पटत नसेल तर आत्ता करून बघा. एक मनगट पाण्याने ओलं करा, टॉवेलने नुसतं टिपा, दुसरं कोरडंच ठेवा. दोन्हींवर मॉइश्चरायझरचा सारखाच थेंब ठेवून पसरवा. कोरड्या मनगटावर बोट अडखळतं, थेंब जागच्या जागीच संपतो. ओलसर मनगटावर तोच थेंब दुप्पट जागा व्यापतो, आणि पाच मिनिटांनी हात फिरवलात तर तिथली त्वचा जास्त मऊ लागते.

कारण सोपं आहे. मृत पेशींचा थर पाणी पितो, किंचित फुगतो, आणि अशा भिजलेल्या थरातून बऱ्याच गोष्टी सहज पुढे सरकतात. म्हणून चेहरा धुतल्यावर खसाखसा पुसू नका. टिपून घ्या, थोडी ओल राहू द्या, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत सीरम लावा. अंगाचं लोशनही आंघोळीनंतर लगेच, बाथरूममधून बाहेर पडायच्या आधीच लावलेलं चांगलं.

याला अपवाद आहे, आणि तो विसरलात तर महागात पडेल. रेटिनॉल, डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनोइन (रेटिनॉलचंच जास्त जोरदार भावंड) आणि तीव्र अ‍ॅसिडं ओल्या त्वचेवर लावायची नाहीत. ओलीमुळे ती गरजेपेक्षा जास्त आणि झपाट्याने आत जातात, मग लाली, जळजळ, सालं निघणं सुरू होतं. ट्रेटिनोइनसाठी चेहरा धुतल्यावर २० ते ३० मिनिटं थांबा, पूर्ण कोरडा होऊ द्या. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल आणि ट्रेटिनोइन दोन्ही टाळा.

पायरी ५: आधी पातळ, मग घट्ट, आणि सगळं थोडंथोडं

पाण्यासारखं सीरम आधी, मग लोशन किंवा क्रीम, तेल लावायचं असेल तर शेवटी. तेलाचा थर आधी बसला की पाण्यातलं सीरम वरच घरंगळत राहतं.

आता त्या मानेवरच्या वळ्या. बहुतेकदा त्यांचं कारण त्वचेत नसतं, आपल्या घाईत असतं. पहिला थर ओला असतानाच दुसरा घासून लावला, किंवा प्रत्येक गोष्ट गरजेच्या दुप्पट घेतली, की सीरमला घट्टपणा देणारे पदार्थ आणि क्रीममधलं सिलिकॉन एकमेकांत गुंतून गोळा होतात. सीरमचे दोन-तीन थेंब पुरतात, रेटिनॉल वाटाण्याएवढं. दोन थरांमध्ये मिनिटभर थांबा. चिकटपणा कमी झाला की पुढचं. तेवढ्यात दात घासून होतात.

थापटून लावायचं की चोळून, यावर लोक तासभर वाद घालतात. मला आजवर फरक जाणवलेला नाही. जोर लावू नका, एवढं पुरे.

पायरी ६: वरून झाकण घाला, पण काय झाकताय ते बघून

क्रीमवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला की आतलं पाणी उडून जात नाही आणि खालचं हळूहळू मुरत राहतं. थंडीत, कोरड्या त्वचेवर, कोपर-टाचांवर याचा गुण लगेच दिसतो. मात्र झाकणाने खालच्या वस्तूचा जोर वाढतो. त्यामुळे रेटिनॉल, अ‍ॅसिड यांच्यावर जेली नको. आणि स्टिरॉइडचं मलम लावून त्यावर प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच नाही.

कुठे लावताय यानेही मोठा फरक पडतो. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती आत जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागात, म्हणजे कोपर आणि मनगटाच्या मध्ये, जेवढं गेलं त्याच्या सहा पट कपाळातून गेलं आणि जबड्याच्या कोनापाशी तर १३ पट. तळपायातून जेमतेम सातवा हिस्सा. म्हणजे टाचेला जे मलम दोन-दोनदा चोळावं लागतं, तेच चेहऱ्याला किती जड पडेल याचा अंदाज करा. अंगाला चालतं म्हणून उचलून तोंडाला लावू नये, ते यासाठी.

सनस्क्रीन जिरवायचं नाही

त्याचा सारखा पापुद्रा वर टिकला पाहिजे. म्हणून ते सकाळी सगळ्यांत शेवटी, चोळून नाहीसं न करता, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं. उन्हात जाण्याआधी १५ मिनिटं लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

सुयांचा रोलर घरी नको

सुयांनी भोकं पाडली की सीरम आत जाणार, यात शंका नाही. पण जे सीरम वर लावण्यासाठी बनलंय, त्यातले सुगंध आणि टिकाऊपणासाठी घातलेले पदार्थही थेट आत जातात. त्यातून गाठी उठल्याचे रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले आहेत, जंतुसंसर्गाची भीती वेगळीच. हे काम करायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे.

नवीन काही आणलं तर एका वेळी एकच. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. खाज, लाली आली नाही तर चेहऱ्याला. फरक दिसायला रेटिनॉलला तीन महिने लागू शकतात, त्यामुळे दोन आठवड्यांत ‘जिरतच नाही’ म्हणून बाटली बदलू नका. व्हिटॅमिन सी मात्र गर्द तपकिरी झालं असेल तर टाकून द्या. ते हवेनेच खराब झालंय, ते जिरलं तरी उपयोग नाही.

आणि इतकं करून वळ्या निघाल्याच, तर त्यांच्यावर आणखी क्रीम थापू नका. तेवढी जागा ओल्या कापडाने पुसून घ्या, आणि ओल असतानाच निम्मं क्रीम लावा.