'वीकन' लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी अहवाल तपासून देणं हे माझं काम. स्पेलिंगच्या चुका हल्ली संगणकच पकडतो. माझ्या वाट्याला उरतात त्या अर्थ उलटा करणाऱ्या चुका, आणि त्यांत 'वीकन' (weaken) या क्रियापदाचा नंबर फार वरचा आहे. शब्द साधा दिसतो म्हणून कोणी कोश उघडतच नाही.

सगळ्यात महागात पडते ती कर्म गाळण्याची चूक. मराठीत 'कमकुवत करणं' आणि 'कमकुवत होणं' वेगळं सांगता येतं, शिवाय 'ने' प्रत्यय असतोच. 'पाण्याने पार कमकुवत केलंय' एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं, कर्म बोलावं लागत नाही. इंग्रजीत 'वीकन' दोन्ही कामं एकटंच करतं. त्याच्यानंतर कर्म आलं तर अर्थ 'करणं', नाही आलं तर 'होणं'.

ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीत गच्चीतून पाणी झिरपत होतं. पाहणीला आलेल्या तरुण इंजिनिअरने स्लॅबबद्दल चार ओळी लिहून पुढे लिहिलं, 'सीपेज हॅज वीकन्ड कन्सिडरेबली.' त्याला म्हणायचं होतं, गळतीने स्लॅब बराच कमकुवत केलाय. समितीने वाचलं, गळती बरीच कमी झाली. समितीचं काही चुकलं नाही; त्या वाक्याचा तोच अर्थ होतो. दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली गेली आणि भर पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात छताचं प्लास्टर कोसळलं, सळ्या उघड्या पडल्या. ओट्यापाशी त्या वेळी कोणी नव्हतं म्हणून निभावलं. वाद पेटल्यावर तो कागद माझ्याकडे आला. 'वीकन्ड'नंतर 'द स्लॅब' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

ही चूक व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण वाक्य शुद्ध आहे. म्हणून 'ॲपमधून काढून घेतलंय, फक्त नजर टाका' असं कोणी म्हटलं की मला चीड येते. मी स्वतः 'वीकन' दिसला की पेन्सिल घेतो आणि ताकद कोणाची गेली त्या शब्दाभोवती गोल करतो. गोल करायला शब्दच सापडला नाही, तर वाक्य परत पाठवतो. सकर्मक-अकर्मकच्या व्याख्या पाठ असलेल्यांनाही मी हेच करायला लावतो.

दुसरी चूक बाजाराच्या बातम्यांतली, 'द रुपी वॉज वीकन्ड'. 'वॉज' लावलं की वाचणारा विचारतो, कोणी केला? रुपया आपोआप घसरला असेल तर 'द रुपी वीकन्ड अगेन्स्ट द डॉलर' पुरेसं आहे. सरकारने ठरवून किंमत उतरवली तर शब्दच वेगळा, 'डीव्हॅल्यू'. ६ जून १९६६ला डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर नेला, ते अवमूल्यन. १९ ऑक्टोबर २०२२ला डॉलर पहिल्यांदा ८३ रुपयांच्या वर गेला, तिथे 'वीकन्ड'. आणि त्यापुढचं 'बाय' की 'टू' हे नीट बघा. 'बाय' किती घसरला ते सांगतं, 'टू' कुठवर पोहोचला ते. 'वीकन्ड बाय एटी-थ्री रुपीज' छापून आलं तर हाहाकार होईल.

वादळाला 'इनटू' लागतं. 'निसर्ग' ३ जून २०२०ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि पुढे जमिनीवरून जाताना 'वीकन्ड इनटू अ डीप डिप्रेशन'. याचं मराठी 'वादळ शमलं' असं करू नका. हवामान खात्याच्या वर्गवारीत 'डीप डिप्रेशन' म्हणजे ताशी ५० ते ६१ किलोमीटरचे वारे. जोर कमी झाला, संपला नाही.

'हॅज वीकन' नाही, 'हॅज वीकन्ड'.

'आय फील वीकन' कधीच नाही. 'आय फील वीक' म्हणा. परदेशात डॉक्टरकडे गेल्यावर 'आय हॅव वीकनेस' एवढंच सांगून थांबू नका. कुठे, असा प्रश्न येतो, कारण त्यांना एखादा हात किंवा पाय लुळा पडलाय असं वाटतं. 'वीकनेस फॉर' म्हटलंत तर ती चक्क आवड झाली.

'स्ट्रेंग्थन' पाहून 'वीकथन' करू नका.

चहात पाणी वाढवलं तर 'डायल्यूट'.

नवशिक्यांना 'वीकन' फिका वाटतो आणि ते लगेच समानार्थी शब्दांची यादी मागतात. एका यादीतून उचललेला 'एनर्व्हेट' मी 'उत्साह देणं' या अर्थाने वापरलेला पुन्हा पुन्हा पाहतो. अर्थ नेमका उलटा आहे, त्राण काढून घेणं. आधी एक क्रियापद सगळ्या बाजूंनी वापरायला शिका. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशात 'वीकन'पुढे सकर्मक आणि अकर्मक दोन्ही खुणा आहेत आणि खाली निर्धार ढळण्याचा अर्थही दिलाय. संपाच्या बातमीत 'द युनियन इज वीकनिंग' वाचून सभासद घटले असं समजू नका. युनियन तडजोडीला तयार होते आहे, असंही त्या बातमीदाराला म्हणायचं असू शकतं.