एचआयव्ही आणि ठिसूळ हाडं: गोळी बंद करण्याआधी या चुका टाळा

मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, समुपदेशनाचं काम करते. मागे एक ताई आल्या, अकरा वर्षं गोळ्या चालू, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) तपासणीत दिसतच नाही इतका कमी, सगळं छान. मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. वय जेमतेम ४२. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, ही गोळीच हाडं खाते, मी बंद करते."

सगळ्यात मोठी चूक हीच. गोळीचा वाटा आहे, तो मी लपवणार नाही. टीएलडी या एचआयव्हीच्या रोजच्या गोळीतल्या टेनोफोविर या औषधामुळे काहींच्या किडनीतून फॉस्फेट वाहून जातं, आणि कुठलीही एआरटी सुरू केली की पहिल्या दोनेक वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्के कमी होते, मग बऱ्याच जणांची तिथे स्थिरावते. पण व्हायरस स्वतःही हाडं पोखरतो हो! आपलं हाड रोज थोडं कुरतडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. एचआयव्हीमुळे शरीरात सतत सूज धुमसत राहते, रोगप्रतिकारक पेशी रँक-एल नावाचं प्रथिन जास्त सोडतात, त्याला आवर घालणारं प्रथिन कमी पडतं आणि मग कुरतडणाऱ्या पेशींना मोकळं रान मिळतं. म्हणून गोळ्या कधीच न घेतलेल्यांचीही हाडं विरळ सापडतात. स्मार्ट नावाच्या एका मोठ्या अभ्यासात गोळ्या मध्येमध्ये थांबवणाऱ्यांची हाडं थोडी वाचली खरी, पण गंभीर आजार आणि मृत्यू मिळून दुपटीहून जास्त झाले. हाडांसाठी जीव घालवायचा का? त्रास वाटला तर डॉक्टरांना विचारा, किडनीची तपासणी करा, गरज असेल तर ते गोळी बदलतात, टेनोफोविरचाच टीएएफ हा प्रकार हाडांना सौम्य आहे. पण स्वतःच्या मनाने काही नाही.

दुसरी चूक त्या ताईंच्या डब्यातच दिसली. सकाळी उपाशीपोटी, एकाच पाण्याच्या घोटाबरोबर टीएलडी आणि कॅल्शियम! कॅल्शियम किंवा लोहाची गोळी टीएलडीतल्याच डोल्युटेग्रॅविर या औषधाला पोटातच चिकटते आणि औषध रक्तात नीट उतरत नाही, म्हणजे हाडं सांभाळायला जाऊन व्हायरसला वाट करून देतो आपण. एकत्र घ्यायचीच तर भरपेट जेवणासोबत घ्या, नाहीतर टीएलडी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाला तर जेवणाचीही सवलत नाही, तिथे हे अंतर पाळायचंच.

मग ती व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची पुडी. मेडिकलवाल्याने दिली, आठवड्याला एक, आणि वर्ष झालं तरी चालूच. अहो, तो ठराविक आठवड्यांचा कोर्स असतो, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि किडनीवर येतं. रक्त तपासून, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घ्या. रोजच्या जेवणात नाचणीची भाकरी, तीळ, दूध, दही, परवडेल ते घ्या. तंबाखू, मिश्री, दारू सुटली तर हाडांना फार मोठा आधार, आणि रोज चालणंही हवंच.

कंबर दुखते म्हणून महिनोन्‌महिने पेनकिलर खाऊ नका, टेनोफोविरसोबत त्या किडनीला जड जातात. जांघेत दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, लंगडायला होत असेल तर ते अंगावर काढू नकाच, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत तो दिसत नाही, एमआरआय लागतो. स्टेरॉईड किंवा दारू जास्त झालेल्यांना हा धोका अजून जास्त.

शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून "हाडं उत्तम" सांगतात, त्यावर निर्धास्त होऊ नका. खरी तपासणी म्हणजे कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, त्यात हाडांची घनता मोजतात. पाळी गेलेल्या बायकांनी, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी आणि किरकोळ पडून हाड मोडलेल्या कुणीही डॉक्टरांकडे त्याचा विषय काढायचाच.

आणि हाडांच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नका. लपवावंसं का वाटतं ते मला कळतं, रोज ऐकते मी. त्या ताईंनीही लपवलं होतं, म्हणून कॅल्शियम लिहून देणाऱ्याला टीएलडीचा पत्ताच नव्हता. २०१७ च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ही माहिती बाहेर सांगता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचारही नाकारता येत नाहीत. तोंडाने सांगणं जड जात असेल तर गोळ्यांची बाटली नुसती टेबलावर ठेवा.