पहिला माल परदेशी पाठवायचाय? पैसा आणि प्रशिक्षण कुठून, कधी आणि किती मिळतं

सांगलीजवळ हळद दळून पाकिटं भरणाऱ्या एका ताईंना दुबईतल्या दुकानदाराने दोनशे किलो पावडर मागितली. त्यांनी मला फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, सबसिडी किती मिळेल?" मी विचारलं, "हळद तपासून घेतलीय का?" तपासलेली नव्हती. आयात-निर्यात कोड, म्हणजे परदेशी व्यापारासाठी लागणारा सरकारी क्रमांक, तोही नव्हता.

मदत भरपूर आहे, पण तिला क्रम आहे. बहुतेक योजनांत आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं सांभाळायची आणि मग परतावा मागायचा. बँकेचं कर्ज ऑर्डर हातात आल्यावर मिळतं. हा क्रम उलटा धरला की माणूस सहा महिने कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो आणि शेवटी निर्यातीचा नाद सोडतो. असं होताना मी अनेकदा पाहिलंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरण हळदीचं घेतो. माल दुसरा असला तरी वाट साधारण हीच आहे.

आधी शिका, तेही कमी खर्चात

"परदेशी ग्राहक मिळवून देतो" असं सांगून हजारो रुपये घेणाऱ्या वर्गांच्या जाहिराती रोज दिसतात. तिकडे जाण्याआधी सरकारी दारं ठोठवा. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, म्हणजे एमसीईडी, आयात-निर्यातीचे वर्ग घेतं. फळं, भाजीपाला, फुलं अशा शेतमालासाठी पुण्याच्या कृषी पणन मंडळाचं निर्यात प्रशिक्षण आहे. परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, 'निर्यात बंधू' योजनेतून नवख्या निर्यातदारांना मार्गदर्शन करतं. पुढचे वर्ग कधी आहेत, ते जिल्हा उद्योग केंद्रात कळतं.

वर्गाला रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे जगभर वापरला जाणारा मालाच्या वर्गवारीचा आकडा, शोधून न्या. हळदीचा 0910 30 पासून सुरू होतो. समोरच्या देशातलं शुल्क, लागणारी प्रमाणपत्रं, परत मिळणारे कर, सगळं या आकड्यावर ठरतं. कोड हातात असला की शिकवणाऱ्याला नेमके प्रश्न विचारता येतात.

कागदपत्रं

हे काम वाटतं तेवढं अवघड नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या संकेतस्थळावर 500 रुपयांत मिळतो आणि तो तुमचा पॅन क्रमांकच असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती ऑनलाइन पडताळावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. बरेच जण नेमकं हेच विसरतात. चालू खातं परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेत उघडा आणि बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीचा त्या शाखेचा क्रमांक, सीमाशुल्काच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवून घ्या. जीएसटी पोर्टलवर दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरली की निर्यातीच्या मालावर आधी कर भरून परतावा मागण्याची वेळ येत नाही.

नंतर तुमच्या मालाच्या मंडळाचं किंवा परिषदेचं सदस्यत्व, म्हणजे आरसीएमसी. इथे गल्लत होते. हळद शेतमाल असली तरी ती अपेडाकडे, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेकडे नाही, मसाले मंडळाकडे जाते. द्राक्षं, बेदाणे, गूळ अपेडाकडे. यंत्रांचे सुटे भाग ईईपीसीकडे, म्हणजे अभियांत्रिकी मालाच्या निर्यात परिषदेकडे. कुठेच नीट बसत नसेल तर फिओ ही निर्यातदारांची शिखर संघटना आहे.

तपासणीला सगळ्यात जास्त वेळ द्या

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वेळी प्रयोगशाळेला पाठवायचा नमुना मी हाताने निवडला होता. सगळ्यात चांगल्या रंगाच्या पोत्यातली, स्वच्छ, सुबक पावडर. अहवाल उत्तम आला. माल गेल्यावर ग्राहकाने तिकडे पुन्हा तपासणी केली, तर दुसऱ्याच पोत्यातल्या पावडरीत कीडनाशकाचा अंश जास्त निघाला. ती पोती वेगळ्या शेतकऱ्याची होती. पैसे कापले गेले आणि तो ग्राहक पुन्हा आला नाही.

तेव्हापासून मी नमुना असा घेतो. लॉटमधल्या प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठभर पावडर काढायची, सगळी एकत्र कालवायची आणि तिचे तीन भाग करायचे. एक प्रयोगशाळेला, एक ग्राहकाला, एक आपल्याकडे सील करून. तिन्हींवर एकच बॅच क्रमांक, आणि तोच पाकिटावर छापायचा. हळदीत शिसं, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), कीडनाशकांचे अंश आणि कर्क्युमिनचं (हळदीला रंग देणाऱ्या घटकाचं) प्रमाण हे तपासावंच लागतं. नेमक्या मर्यादा ग्राहकाच्या देशाच्या नियमांवरून ठरवा, आपल्याकडच्या सवयीवरून नको.

हा खर्च अंगावर येतो, हे खरं. त्यासाठीच केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची पहिल्यांदा निर्यात करणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी योजना आहे. तपासणी आणि गुणवत्ता प्रमाणपत्रांसाठी कमाल 1 लाख रुपये, आरसीएमसीच्या खर्चाच्या 75 टक्के किंवा 20 हजार यांपैकी कमी असेल ती रक्कम, आणि निर्यात विम्याच्या हप्त्यासाठी कमाल 10 हजार रुपये परत मिळतात. अट एकच लक्षात ठेवा: बिल उद्योगाच्या नावाने हवं आणि पैसे उद्योगाच्या खात्यातून गेलेले हवेत. ताईंनी प्रयोगशाळेचं पहिलं बिल पतीच्या मोबाईलवरून भरलं होतं. त्यावर दावा करता आला नाही.

भांडवल

यंत्रासाठीचा पैसा आणि मालासाठीचा पैसा वेगळे धरा. खाद्यप्रक्रिया उद्योगाच्या यंत्रसामग्रीसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. आता अर्ज घेतले जात आहेत का, ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा.

मालासाठी लागतं ते पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल जहाजावर चढण्याआधीचं खेळतं भांडवल. समजा ऑर्डर चार लाखांची आहे आणि हळद, दळण, पॅकिंग, वाहतूक मिळून तीन लाख लागणार आहेत. ही रक्कम बँक पक्की ऑर्डर किंवा एलसी, म्हणजे ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी, पाहून देते आणि ग्राहकाचे पैसे आले की त्यातून वळती करून घेते. मॅनेजर तारण मागतील. तेव्हा सीजीटीएमएसईच्या, म्हणजे लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या संस्थेच्या, हमीची विचारणा करा. 1 एप्रिल 2025 पासून या हमीखाली 10 कोटींपर्यंतचं कर्ज बसतं. शाखेत नुसतं "लोन पाहिजे" म्हणू नका. ऑर्डरची प्रत, खर्चाचा तक्ता आणि तपासणी अहवाल एका फाइलमध्ये ठेवा.

व्याजाच्या सवलतीबाबत जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. निर्यात कर्जावरच्या व्याजात सवलत देणारी व्याज समानीकरण योजना 31 डिसेंबर 2024 ला संपली. त्यानंतर नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 25,060 कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केलं. त्यातला 'निर्यात प्रोत्साहन' हा भाग कर्जासाठी, तर 'निर्यात दिशा' हा गुणवत्ता, ब्रँडिंग आणि बाजारपेठेसाठी आहे. आज नेमकं काय लागू आहे, ते बँकेच्या विदेश व्यापार विभागात आणि डीजीएफटीच्या सूचनांत पाहा.

आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा घ्याच. ग्राहकाने पैसे बुडवले, तो दिवाळखोर झाला किंवा त्याच्या देशात युद्ध भडकलं, तर नुकसानीचा मोठा भाग भरून निघतो. ग्राहकाची पतमर्यादा, म्हणजे त्याच्यासाठी किती रकमेपर्यंत विमा लागू राहील ते, माल पाठवण्याआधी मंजूर करून घ्यायची असते, नंतर नाही. पहिल्या ऑर्डरला शक्यतो आगाऊ रक्कम मागा. ताईंना मी अर्धे आधी आणि अर्धे कागदपत्रं दाखवल्यावर असं सुचवलं, दुकानदार राजी झाला.

थोड्या मालाने सुरुवात

दोनशे किलोआधी ताईंनी पाच किलो पाठवली, तीही पोस्टाने. डाकघर निर्यात केंद्रांत निर्यातीचं बिल, म्हणजे सीमाशुल्कासाठीचं घोषणापत्र, ऑनलाइन भरता येतं आणि लहान पार्सलसाठी एजंट शोधत बसावं लागत नाही. दुबईला माल जाणार असेल तर उत्पत्ती प्रमाणपत्राची, म्हणजे माल भारतातलाच असल्याच्या दाखल्याची, चौकशीही करून ठेवा. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे आणि शुल्कातली सवलत त्या प्रमाणपत्रावरच मिळते.

पैसे खात्यात आले की काम संपलं असं समजू नका. बँकेचा संदर्भ क्रमांक घेऊन डीजीएफटीच्या पोर्टलवर ई-बीआरसी करा, म्हणजे निर्यातीचे पैसे खरोखर आल्याची नोंद. रोडटेप आणि ड्यूटी ड्रॉबॅक, म्हणजे मालावर आधी लागलेले कर आणि शुल्क परत देणाऱ्या योजना, यांचा दावा मात्र शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्काला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र, भरतानाच नोंदवावा लागतो, म्हणून सीएचएला, म्हणजे सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटला, तो रकाना आधीच भरायला सांगा. ताईंच्या बँकेने दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी पहिल्या ऑर्डरची ई-बीआरसी मागितली. ती फाइलमध्ये होती, आणि पॅकिंग क्रेडिट नऊ दिवसांत मंजूर झालं.